कोल्ह्याचा कवी

लक्झेंबर्गच्या पूर्व भागात, वालुकाश्माच्या उंच कड्यांनी आणि बीच वृक्षांच्या दाट रानांनी वेढलेल्या खोऱ्याजवळ, वाल्डबिलिग नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे जोडे शिवून उदरनिर्वाह करणाऱ्या एका कारागिराच्या घरी ३ जानेवारी १८२७ रोजी मिशेल रोदांज याचा जन्म झाला, तेव्हा त्या खेड्यावर नेदरलँड्सच्या राजाचा अंमल होता. मूल चार वर्षांचे होण्यापूर्वीच बेल्जियमचे बंड उद्भवले आणि राजधानीचा तटबंद किल्ला सोडून बाकी सारा मुलूख बंडखोरांच्या नव्या सरकारच्या कारभाराखाली गेला. पुढे मुलगा बारा वर्षांचा असताना, १९ एप्रिल १८३९ रोजी, बड्या राष्ट्रांच्या वकिलांनी लंडनमध्ये बसून केलेल्या तहान्वये तो मुलूख दुभंगला. पश्चिमेकडचा मोठा भाग बेल्जियमला मिळाला आणि उरलेला पूर्वेकडचा तुकडा, वाल्डबिलिगसह, पुन्हा नेदरलँड्सच्या राजाच्या पदरी पडला. खेडे जागचे हलले नव्हते आणि जोडे शिवणाऱ्या बापाचा बूड टेकण्याचा पाटही हलला नव्हता; तरी त्याच्या मुलाचे राष्ट्र बारा वर्षांत दोनदा पालटले होते. या मुलाला त्याचे देशबांधव आज राष्ट्रकवी म्हणून ओळखतात, आणि त्याने ज्या राष्ट्राचे काव्य लिहिले ते राष्ट्र कोणत्या कागदावर जन्मले हे ध्यानात घेतल्यावाचून त्या काव्याचे मोल कळणार नाही.

१८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत नेपोलियनच्या साम्राज्याची वाटणी झाली, तेव्हा लक्झेंबर्ग हा परगणा ‘ग्रँड डची’ या भारदस्त नावाने नेदरलँड्सच्या राजाला व्यक्तिशः देण्यात आला. त्याच वेळी त्याला जर्मन राज्यसंघात गोवण्यात आले, आणि त्याच्या राजधानीचा किल्ला लष्करीदृष्ट्या अत्यंत मोक्याचा असल्यामुळे त्यात प्रशियाची शिबंदी ठेवण्यात आली. म्हणजे धनी डच, फौज प्रशियन, आणि मागील फ्रेंच राजवटीपासून चालत आलेला कायदा फ्रेंच, अशी त्या चिमुकल्या राज्याची स्थिती होती. १८३९ च्या वाटणीनंतर त्याच्याकडे अवघे २,५८६ चौरस किलोमीटर क्षेत्र उरले आणि तेवढ्यावरच एका राज्याचा डोलारा उभा करावा लागला. १८४२ साली ते जर्मन जकात संघात सामील झाले आणि त्याचा व्यापार पूर्वेकडे वळला. उलटपक्षी १८४३ च्या शाळाविषयक कायद्याने प्राथमिक शाळांत जर्मनच्या जोडीला फ्रेंच सक्तीची केली. दफ्तरात आणि न्यायालयात फ्रेंच, वर्तमानपत्रात आणि देवळातल्या प्रवचनात जर्मन, अशी ही विभागणी होती. या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी भाषा मात्र चुलीपाशी, शेताच्या बांधावर, बाजारात आणि पाळण्याशी बोलली जात होती, जिला तिचे लोक ‘लेत्सेबुएर्गेश’ म्हणत आणि सुशिक्षित मंडळी केवळ एक ग्राम्य बोली समजत.

भाषाशास्त्रज्ञ तिची गणना मोझेल नदीच्या खोऱ्यातील फ्रँक बोलींमध्ये करतात. जर्मनशी तिचे नाते निकटचे आहे, पण फ्रेंच शब्दांचा भरणा तिच्यात पुष्कळ झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिला लेखनपद्धती नव्हती, व्याकरण नव्हते आणि ग्रंथ तर नव्हताच. तिला अक्षररूप देण्याचे कार्य ज्यांनी केले त्यांची नामावळी पाहिली म्हणजे मन थक्क होते, कारण त्यांत ज्याला व्यवसायाने साहित्यिक म्हणता येईल असा एकही माणूस आढळत नाही. लक्झेंबर्गी भाषेतील पहिले पुस्तक, एक छोटासा कवितासंग्रह, १८२९ साली प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता आंतोआन मेयर हा गणितज्ञ होता आणि पुढे बेल्जियममधील लिएज येथे तो गणिताचा प्राध्यापक झाला. त्या भाषेचा पहिला शब्दकोश १८४७ साली निघाला; तो रचणारा गांगलर हा राजधानीचा पोलीस कमिशनर होता. त्या भाषेतील पहिले नाटक १८५५ साली रंगभूमीवर आले, त्याचे नाव ‘कर्जरोखा’ या अर्थाचे. ते लिहिणारा एदमों द ला फोंतेन, ज्याला सारा देश ‘डिक्स’ या टोपणनावाने ओळखतो, तो देशाच्या पहिल्या पंतप्रधानाचा मुलगा, शिक्षणाने वकील आणि पुढे फियांदेन या गावी न्यायाधीश. आणि ज्याच्या गीताला पुढे राष्ट्रगीताचा मान मिळाला तो मिशेल लेन्ट्स सरकारी हिशेबतपासणीच्या कचेरीत नोकरी करीत होता. दिवसभर फ्रेंच भाषेत खर्डे आणि ताळेबंद लिहावेत आणि रात्री दिव्याशी बसून आईच्या भाषेत कविता कराव्यात, असा या मंडळींचा आयुष्यक्रम होता. राजाश्रय नाही, विद्यापीठ नाही, आणि वाचकवर्ग आहे की नाही याचीही शाश्वती नाही; अशा स्थितीत केवळ प्रेमापोटी एका पिढीच्या कारकुनांनी आणि अंमलदारांनी एक भाषा उभी केली, हा युरोपच्या वाङ्मयेतिहासातील एक दुर्लक्षित पण अत्यंत उदात्त प्रसंग आहे, असे मला वाटते.

लेन्ट्सविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण राष्ट्रकवी हे बिरुद प्रथम त्याच्याच नावापुढे लागले. ४ ऑक्टोबर १८५९ रोजी राजधानीत रेल्वेचा समारंभपूर्वक आरंभ झाला, आणि त्या प्रसंगासाठी लेन्ट्सने एक गीत रचले. त्या गीताचे शीर्षक असलेला लक्झेंबर्गी शब्द फोडून पाहिला तर ‘अग्नी’ आणि ‘गाडी’ असे त्याचे दोन अवयव पडतात. म्हणजे मुंबई-ठाण्याच्या लोहमार्गावरील ते धूर ओकणारे वाहन पाहून आपल्या लोकांनी सहा वर्षे आधी ज्या रीतीने ‘आगगाडी’ हा शब्द घडविला, त्याच रीतीने तिकडच्या लोकांनीही आपला शब्द घडविला होता. आगगाडीने शेजारच्या देशांची दारे उघडली याचा आनंद त्या गीतात आहेच, पण त्याच्या ध्रुपदात आपण आहोत तसेच राहू असा जो निर्धार प्रकट झाला तो लोकांच्या मनाला इतका भिडला की पुढे तेच राष्ट्राचे ब्रीदवाक्य झाले. त्याच लेन्ट्सच्या मातृभूमीवरील दुसऱ्या एका गीताला त्सिनेन या संगीतकाराने चाल दिली. १८६४ साली एटेलब्रुक या गावी ते प्रथम जाहीरपणे गायिले गेले, आणि आज तेच त्या देशाचे राष्ट्रगीत आहे. लेन्ट्सची वाणी प्रसन्न, स्निग्ध आणि लोकांना प्रिय वाटेल तेच सांगणारी होती. १८९३ साली तो निवर्तला तो उदंड कीर्ती भोगून.

रोदांजच्या वाट्याला यातले काही आले नाही. शिक्षकांना तयार करणाऱ्या राजधानीतील शाळेत दोन वर्षे शिक्षण घेऊन १८४७ साली, विसाव्या वर्षी, तो स्टाइन्सेल या गावी प्राथमिक शिक्षक झाला आणि पुढे फेल्स येथे त्याची बदली झाली. गावच्या मास्तराला त्या काळी मान तुटपुंजा आणि पगार त्याहून तुटपुंजा असे. तेव्हा वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, म्हणजे १८६० साली, परीक्षा देऊन तो सरकारच्या बांधकाम खात्यात शिरला आणि त्याला सडका-पुलांच्या कामावर देखरेख करण्याची जागा मिळाली. आपल्याकडे ज्याला ओव्हरसीयर म्हणतात त्याच्या जवळपासची ही जागा. प्रथम एख्टरनाखला, जेथे संत विलिब्रॉर्डच्या समाधीपर्यंत नाचत जाणाऱ्या यात्रेकरूंची दिंडी दरसाल निघते. मग उत्तरेकडील डोंगराळ मुलखात विल्ट्सला, जेथील चामडे कमावण्याचे कारखाने प्रसिद्ध होते. आणि शेवटी राजधानीत, अशी त्याची नोकरी झाली. या फिरस्तीचा ओव्हरसीयराला लाभ झाला असेल नसेल, पण कवीला झालेला लाभ अपरिमित होता. खडी फोडणारे मजूर, गाडीवाले, रस्त्यात जमीन जाते म्हणून तक्रार घेऊन आलेले शेतकरी, मक्तेदार, गावचे मेयर, पाद्री, अशा सर्व थरांतील माणसांशी ज्याला रोज बोलावे लागते, आणि तेही देशाच्या पूर्व कडेपासून उत्तर टोकापर्यंत, त्याला तेथील भाषेचे सारे रंग अनायासे पारखता येतात. एका खोऱ्यात स्वर कसा लांबतो आणि डोंगर ओलांडला की तोच कसा आखडतो, हे कोशात न मिळणारे ज्ञान त्याने सडकेवर मिळविले.

या वर्षांत देशावर जे प्रसंग गुदरले त्यांची हकीकत आता सांगावी लागेल, कारण तीच त्याच्या काव्याची माती आहे. १८४८ च्या क्रांतिवर्षात लक्झेंबर्गला उदार राज्यघटना मिळाली होती. १८५६ साली राजा तिसरा विल्यम याने ती एकतर्फी फिरवून आपले अधिकार वाढवून घेतले. राजा स्वतः हेगला राहत असे आणि त्याचा भाऊ हेन्री हा त्याचा प्रतिनिधी म्हणून कारभार पाही. पुढे १८६६ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध झाले, जर्मन राज्यसंघ मोडला, आणि किल्ल्यातील प्रशियन फौजेला तेथे राहण्याचा आधारच उरला नाही. ती संधी साधून फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने ५० लक्ष गिल्डरला हा सारा देश विकत घेण्याची बोलणी तिसऱ्या विल्यमशी लावली. आणि पैशाची निकड असलेल्या त्या राजाने विक्रीस रुकारही दिला. बाजारात गुरू विकावे तसे दोन लाख माणसांचे राष्ट्र विकले जाणार होते. बिस्मार्कने हरकत घेतली, युद्धाचे ढग जमले, आणि अखेर ११ मे १८६७ रोजी लंडनमध्ये पुन्हा एक तह झाला: लक्झेंबर्ग चिरकाल तटस्थ राहील, प्रशियाची शिबंदी निघून जाईल, आणि किल्ला पाडून टाकण्यात येईल. शतकानुशतके स्पॅनिश, फ्रेंच आणि ऑस्ट्रियन स्थापत्यविशारदांनी वाढवीत नेलेली ती तटबंदी पाडण्याचे काम पुढे सोळा वर्षे चालले. २४ किलोमीटरहून अधिक लांबीची भुयारी संरक्षक बांधकामे उद्ध्वस्त करण्यात आली, आणि त्याचा सुमारे १५ लक्ष सुवर्ण फ्रँक एवढा खर्च झाला.

तहाची शाई वाळते न वाळते तोच १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, आणि तटस्थतेचा भंग झाल्याचा आरोप ठेवून त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिस्मार्कने लक्झेंबर्गची तटस्थता आपण यापुढे बांधील मानणार नाही असे जाहीर केले. देश गिळला जातो की काय अशी धास्ती सर्वत्र पसरली. ती अरिष्टाची वेळ टळली खरी, पण युद्ध जिंकलेल्या जर्मनीने १८७२ च्या करारान्वये लक्झेंबर्गच्या मुख्य रेल्वेचा कारभार आपल्या हाती घेतला. ज्या आगगाडीचे स्वागत लेन्ट्सने तेरा वर्षांपूर्वी केले होते, तिची सूत्रे अशा रीतीने स्ट्रासबुर्गच्या जर्मन कचेरीत गेली. त्याच १८७२ साली रोदांजचे ‘रेनेर्ट’ छापून बाहेर पडले.

‘रेनेर्ट’ म्हणजे कोल्हा. करटक आणि दमनक यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला सिंहाच्या दरबारातील धूर्त मंत्र्याची ओळख निराळी करून द्यायला नको. युरोपातही कोल्ह्याच्या लबाडीच्या कथांची अशीच एक प्राचीन परंपरा आहे. बाराव्या शतकातील लॅटिन आणि फ्रेंच काव्यांपासून ती चालत आली, डच आणि जर्मन भाषांत तिची रूपांतरे झाली, आणि १७९४ साली जर्मन महाकवी गटे याने ‘राइनेके फुक्स’ या नावाने तिला बारा सर्गांचे भारदस्त रूप दिले. रोदांजने गटेचा सांगाडा घेतला. पेंटेकॉस्टच्या सणात, वृक्षलता बहरलेल्या असताना, सिंहराजा नोबेल दरबार भरवितो. सारे प्राणी हजर होतात, एकटा कोल्हा येत नाही. लांडगा आणि इतर पीडित प्राणी त्याच्याविरुद्ध फिर्याद मांडतात. त्याला पकडून आणण्यासाठी अस्वल जाते ते मधाच्या लोभाने फसून रक्तबंबाळ होऊन परतते, बोका जातो त्याचीही तीच गत होते. शेवटी कोल्हा येतो, फाशीच्या खांबाखाली उभा राहून गुप्त खजिन्याची थाप मारतो आणि राजाची लोभी दृष्टी जागी करून सुटतो. पुन्हा फिर्याद, पुन्हा भाषण, आणि अखेर लांडग्याशी द्वंद्व. त्यात कपटाने विजय, आणि राज्यातील उच्च अधिकारपदाची प्राप्ती. कथा एवढीच आणि जुनीच. पण गटेचे बारा सर्ग रोदांजच्या हाती चौदा झाले, ओळींची संख्या सहा हजारांवर गेली, आणि मुख्य म्हणजे त्या कथेचा देशच बदलला.

गटेने ग्रीक-लॅटिन महाकाव्यांचे षट्पदी वृत्त योजिले होते. रोदांजने त्याला हात लावला नाही. त्याने चार छोट्या ओळींचे, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक जुळविणारे, लोकगीताचे कडवे पसंत केले. जे शेतात काम करताना म्हणता येते, जे मुलांच्या कानावरून एकदा गेले की जिभेवर राहते, आणि ज्यात फार मोठा शब्द मावतच नसल्यामुळे घरचाच शब्द वापरावा लागतो. महाकाव्याची भव्यता अशा चिमुकल्या कडव्यांत उतरविणे किती अवघड आहे हे आपल्या ओवीचा इतिहास जाणणाऱ्याला सांगावे लागणार नाही: जात्यावरच्या छंदात तत्त्वचिंतन साठवायला ज्ञानेश्वर लागले. रोदांजची प्रतिभा त्या कोटीची नव्हती, आणि तसा दावा कोणी करू नये. पण साधन निवडण्यातली त्याची दृष्टी त्याच जातीची होती.

दुसरी गोष्ट त्याने केली ती बोलींची. त्याचे प्राणी एकच भाषा बोलत नाहीत. कोण कोणत्या खोऱ्यातला, कोण डोंगरातला, कोण राजधानीच्या गल्लीतला, हे त्यांच्या तोंडच्या स्वरव्यंजनांवरून वाचकाला कळते, आणि त्या त्या गावच्या लोकांचे स्वभाव, खोडी आणि अहंता त्याबरोबर उघड्या पडतात. गावे, नद्या आणि रस्ते खरे आहेत. त्यांची नावे काव्यभर विखुरलेली आहेत. देशाचा नकाशा ज्याने पायांनी तुडविला त्यालाच असे लिहिता येईल. १८३९ साली लंडनमध्ये ज्यांनी या देशाच्या सीमा आखल्या त्यांना त्यांतल्या एका ओढ्याचेही नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या सीमांच्या आत काय आहे हे प्रथम नावनिशीवार लिहून काढले ते बांधकाम खात्याच्या या नोकराने.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याने ‘फ्रॉक कोट घातलेला, मनुष्याच्या उंचीचा कोल्हा’ अशा अर्थाचे उपशीर्षक घातले, आणि स्वतःचे नाव न देता हे चित्र एका लक्झेंबर्गवासीयाने नव्याने ‘फोटोग्राफ’ केले आहे एवढेच सांगितले. फोटोग्राफीची कला तेव्हा नवी होती, आणि त्या शब्दाची योजना अर्थपूर्ण आहे. चित्रकार रंग सौम्य करू शकतो; कॅमेरा ते करीत नाही. राजाची लोभी बेफिकिरी, दरबाऱ्यांची लांगूलचालन करण्याची वृत्ती, मंत्र्यांची वक्तृत्वाआड दडलेली स्वार्थबुद्धी, पाद्र्यांचा ढोंगीपणा, वृत्तपत्रांची भांडणे आणि या सर्वांना पुनःपुन्हा बळी पडणारी भाबडी रयत, ही सारी त्या काळच्या वाचकाला नावानिशी ओळखता येण्याजोगी होती. पाच वर्षांपूर्वी विकला जाता जाता वाचलेला देश आता तरी शहाणा झाला असेल, अशी अपेक्षा बाळगणाऱ्याला आजूबाजूस तोच दरबार आणि तोच कोल्हा दिसला. गटेच्या काव्यात उपरोध आहे, पण तो सर्व मानवजातीवर विखुरलेला असल्यामुळे कोणाला फारसा बोचत नाही. रोदांजचा उपरोध दोन लाख लोकांच्या एका घरावर होता, आणि त्या घरात तो स्वतःही राहत होता. तरीही हे काव्य द्वेषाचे नाही. रानाची, सणाची, गावजेवणाची वर्णने त्यात अशा मायेने आली आहेत की हा माणूस ज्यांना फटकारतो आहे त्यांच्यापासून एक क्षणही दूर गेलेला नाही, याची खूण पटते.

काव्याचे स्वागत झाले नाही. याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. ज्या वर्गाला पुस्तके विकत घेण्याची ऐपत होती तो फ्रेंच आणि जर्मन वाचीत असे, आणि घरच्या बोलीत सहा हजार ओळींचे काव्य असू शकते ही कल्पनाच त्याला विचित्र वाटे. ज्या वर्गाची ती भाषा होती त्याने ती छापील स्वरूपात क्वचितच पाहिलेली होती, आणि लेखनाचे नियम ठरलेले नसल्यामुळे ती वाचणेही त्याला जड जाई. डिक्सची नाटके चालली, कारण ती पाहायची आणि ऐकायची होती. लेन्ट्सची गीते चालली, कारण ती गायची होती आणि त्यांत स्तुती होती. रोदांजच्या पुस्तकाला चाल नव्हती, रंगमंच नव्हता, आणि स्तुती तर नव्हतीच. शिवाय एका सामान्य सरकारी नोकराने आपल्याच वरिष्ठांच्या जगाचे असे चित्र काढावे, हे छोट्या देशातील मोठ्या माणसांना रुचण्यासारखे नव्हते.

पुस्तक निघाले आणि लवकरच त्याची बदली राजधानीत झाली. आल्झेट नदीकाठच्या क्लाउझेन या पेठेत तो राहू लागला. त्याच्या डोक्यावर, कड्याच्या माथ्यावर, किल्ल्याचे बुरूज अजून पाडले जात होते. दिवसेंदिवस तट खाली येत होते आणि त्यांच्या जागी हमरस्ते, बगीचे आणि नव्या वसाहतींची आखणी होत होती. त्याने लेखन सोडले नाही. ज्याने हा किल्ला वसविला त्या दहाव्या शतकातील सरदार सिगफ्रीडच्या सुवर्णकोठडीच्या दंतकथेवर त्याने एक काव्य रचले. चंडोल पक्ष्याच्या नावाचे त्याचे दुसरे एक काव्य आहे. दोन्ही त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. २७ ऑगस्ट १८७६ रोजी क्लाउझेन येथे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याचा अंत झाला. ‘रेनेर्ट’ निघून तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती, आणि आपण आपल्या राष्ट्राचे महाकाव्य लिहिले आहे हे सांगणारा माणूस त्याला भेटला असेल असे त्याच्या आयुष्यातील कोणत्याही घटनेवरून दिसत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते, कारण ती काळाने केलेली दुरुस्ती आहे. १८९६ साली श्पू नावाच्या प्रतिनिधीने लोकसभेत लक्झेंबर्गी भाषेत भाषण केले आणि त्या भाषेला सभागृहात वाव असावा अशी मागणी केली. सभागृहाने ती फेटाळली. पण १९१२ च्या कायद्याने ती भाषा प्राथमिक शाळेत विषय म्हणून शिरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निकोलाउस वेल्टर या समीक्षकाने लेन्ट्स, डिक्स आणि रोदांज या तिघांची एकत्र चिकित्सा करून त्यांना या भाषेचे आद्य अभिजात कवी म्हणून मांडले, आणि तेव्हापासून त्यांची नावे एका दमात घेतली जातात. ज्या राजकारण्यांवर ‘रेनेर्ट’ लिहिले गेले ते विस्मृतीत गेले आणि त्यामुळे बोच गेली. मग काव्य दिसू लागले. लोकांना त्यातली कडवी पाठ होऊ लागली आणि ती बोलण्यात म्हणींसारखी येऊ लागली.

आणि मग तो प्रसंग आला, ज्यात या भाषेची परीक्षा झाली. मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी देश व्यापला. फ्रेंचवर बंदी आली, रस्त्यांची आणि माणसांची नावे जर्मन करण्यात आली. १० ऑक्टोबर १९४१ या तारखेची एक शिरगणती फर्मावण्यात आली, तीत राष्ट्रीयत्व, मातृभाषा आणि वंश या तीन गोष्टी विचारल्या होत्या, आणि लक्झेंबर्गी ही केवळ बोली असल्यामुळे ते उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही, असेही बजावण्यात आले होते. लोकांनी गुप्तपणे एकमेकांना निरोप पोहोचविले आणि तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर लिहिले: लक्झेंबर्गी. ते कळून येताच अंमलदारांना ती शिरगणतीच रद्द करावी लागली. ज्या भाषेला सत्तर वर्षांपूर्वी घरचे शिकलेले लोक बोली म्हणून हिणवीत होते, तिला परक्यांनी बोली म्हटल्याबरोबर एक सबंध राष्ट्र प्राण पणाला लावून उभे राहिले. तिच्यात एक महाकाव्य लिहिले गेले होते, हे त्या वेळेपावेतो सर्वांना ठाऊक झाले होते. पुढे २४ फेब्रुवारी १९८४ च्या कायद्याने लक्झेंबर्गी ही देशाची राष्ट्रभाषा ठरली.

राष्ट्रकवी कोणाला म्हणावे, लेन्ट्सला की रोदांजला, असा प्रश्न विचारला जातो. लेन्ट्सने लोकांना गाण्यासाठी शब्द दिले, आणि संकटात गाणे लागते. त्याचा मान कमी करण्याचे कारण नाही. परंतु माझा कौल रोदांजच्या बाजूचा आहे. आपण आहोत तसेच राहू असे लेन्ट्स म्हणाला. आपण आहोत तरी कसे, हे पाहण्याचे धैर्य रोदांजने दाखविले, आणि ते पाहूनही तो त्यांच्यातच, त्यांच्याच भाषेत राहिला. परक्यांच्या तहांनी घडलेल्या राज्याचे राष्ट्र होण्यासाठी जी आत्मपरीक्षा लागते ती त्याने एकट्याने, एका सडकेच्या कामावरून दुसऱ्या कामावर जाता जाता केली.

राजधानीच्या मध्यभागी नगरपालिकेच्या वाड्यासमोर एक प्रशस्त चौक आहे. पूर्वी तेथे फ्रान्सिस्कन जोग्यांचा मठ होता; त्यांच्या कमरेच्या दोरीला जी गाठ असे तिच्यावरून लोक आजही त्या चौकाला ‘क्नुएडलर’ म्हणतात. चौकात १८८४ साली उभारलेला राजा दुसरा विल्यम याचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच चौकाच्या एका बाजूला १९३२ साली रोदांजचे स्मारक उभारण्यात आले, आणि त्यावर कोल्ह्याची मूर्ती बसविली आहे. दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी तेथे भाजी, फळे आणि फुले यांचा बाजार भरतो.